डावीकडची खिडकी

आमची मावशी रफू करते. कोटाला ठिणगी पडून भोक पडलं, स्वेटरला कसर लागली, शाल खिळ्याला अडकून फाटली, की लोक ते तिच्याकडे आणतात आणि चार दिवसांनी न्यायला आले की कापड उजेडात धरून भोक शोधत बसतात. सापडत नाही. बाजाराच्या मागच्या गल्लीत, लाँड्रीच्या दुकानात, काउंटरच्या आडोशाला तिची खुर्ची आहे. समोर मान वळवता येणारा दिवा, आणि पुठ्ठ्याच्या तुकड्यांवर गुंडाळलेल्या धाग्यांचा डबा. धागे ती विकत घेत नाही. त्याच कापडाच्या आतल्या शिवणीतून काढते. एकतीस वर्षं तिचं हेच काम. गल्लीत तिला नावाने कुणी ओळखत नाही, ती सगळ्यांची रफूबाई.

गिऱ्हाइकांना एक गोष्ट माहीत नसते. हे सगळं मावशी एकाच डोळ्याने करते. उजवा डोळा लहानपणापासून नावापुरता. त्याला उजेड कळतो, माणूस आलं-गेलं कळतं, बाकी काही नाही. "तो शोभेला आहे, काम डावा करतो," असं ती म्हणते.

तिचे यजमान, म्हणजे आमचे काका, लांब पल्ल्याच्या बसवर ड्रायव्हर होते. एक दिवस घाट ओलांडून पलीकडच्या शहरात, दुसऱ्या दिवशी परत, असं तीस वर्षं चाललं. दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. मावशी त्या रस्त्याने कधीच गेली नाही. बसमध्ये पाय ठेवला की तिच्या पोटात ढवळायला लागतं. स्टँडवरून दोन थांब्यांवर जायचं तरी ती चालत जाते. त्यामुळे रस्ता कसा आहे ते तिने फक्त काकांना विचारायचं आणि काकांनी ठरलेलं उत्तर द्यायचं.

"सरळ गं. एखाददुसरं वळण. इतका सरळ की कंटाळा येतो."

"लोक तर घाट-घाट म्हणतात."

"तो जुना रस्ता. आता तिकडून कुणी जात नाही."

मावशीचा विश्वास बसला होता. मी त्यांच्याच वरच्या मजल्यावर राहते. माझाही बसला होता.

गेल्या वर्षी त्यांच्या मुलीने, म्हणजे आमच्या ताईने, घाटापलीकडच्या मोठ्या शहरात घर घेतलं आणि दोघांना बोलावलं. बसचा प्रश्नच नव्हता. मग विमान ठरलं. दोघांचाही पहिलाच विमानप्रवास, म्हणून सोबतीला मी. तिकीट काढायचं कामही माझ्याकडेच आलं, आणि मावशीने एकच अट घातली. "मला खिडकी हवी. आणि खिडकीतून काहीतरी दिसायला हवं. नुसते ढग बघायला मी एवढी लांब येणार नाही."

आम्ही तिघं स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसलो. मी फोनवर विमानातल्या जागांचा आराखडा उघडला. काकांनी चष्मा चढवला आणि अगदी डेपोतल्या साहेबासारखे बोलायला लागले.

"चौथी रांग. उजवी बाजू."

"काका, विमान दक्षिणेकडे जातंय. दुपारची वेळ. उजवीकडे ऊन तोंडावर येईल."

"येऊ दे. उजवीकडे समुद्र आहे. पाणी असं चमकतं!"

"पण मावशीला डाव्या डोळ्याने दिसतं. उजव्या खिडकीशी बसली तर सारखी मान पिरगाळावी लागेल. डावीकडे तर डोंगर आहेत..."

"डोंगरात काय बघायचंय?" काका एकदम मोठ्याने म्हणाले. "दगड! माती! तीस वर्षं मी पुढच्या काचेतून बघत आलोय, मला विचार कुठली सीट चांगली ते."

मावशीने माझ्याकडे बघितलं, मी तिच्याकडे. ड्रायव्हर माणसाशी सीटवरून कोण वाद घालणार? मी चौथ्या रांगेतल्या उजव्या तीन जागा घेतल्या. काकांनी चष्मा काढून पुसला आणि जरा जास्तच वेळ पुसत बसले.

निघायला अकरा दिवस होते तेव्हा मावशीला दुकानात वाटलं की दिव्यातला बल्ब जातोय. कापडावर काळे ठिपके तरंगत होते आणि कडेला बारीक विजा चमकत होत्या. तिने बल्ब बदलून घेतला. ठिपके तसेच. कुणाला काही न सांगता ती घरी आली. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा ओतताना तिने तो कपाच्या शेजारी, सरळ टेबलावर ओतला. काकांनी तिच्या हातातून किटली काढून घेतली.

"काय होतंय?"

"खालून काहीतरी वर चढतंय," मावशी म्हणाली. "पडदा ओढल्यासारखं."

तासाभरात आम्ही डोळ्यांच्या दवाखान्यात होतो. डॉक्टरबाई तरुण होत्या, भरभर बोलणाऱ्या, पण मावशीशी बोलताना मुद्दाम सावकाश बोलल्या. डोळ्याच्या आतला पडदा फाटला होता आणि फाटलेल्या जागेतून पाणी शिरून तो भिंतीवरून सुटत चालला होता. उशीर केला असता तर उजव्यासारखा डावाही शोभेचा झाला असता.

"फाटलाय तर रफू करा की," मावशी म्हणाली.

"रफूच करणार आहे. पण तो चिकटेपर्यंत आतून दाबून धरायला हवा. त्यासाठी डोळ्यात वायूचा फुगा सोडायचा. फुगा जिरेपर्यंत त्याच्याआडून धड काही दिसणार नाही. पहिला आठवडा तोंड खाली करून पडून राहायचं, म्हणजे फुगा वर जाऊन पडद्याला दाबेल. आणि विमान अजिबात नाही. उंचावर गेलं की फुगा फुगतो, डोळा कायमचा जाऊ शकतो."

"मग घाटापलीकडे बसने गेलं तर?" मी विचारलं. मावशीला बस लागते हे त्या घाईत मी विसरूनच गेले होते.

"घाटाची उंची किती आहे?"

"वरच्या खिंडीत अकराशे वीस मीटर," काका पटकन बोलून गेले. विचारलं मला होतं, पण त्यांच्या तोंडातून निसटलं.

"मग तेही नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या.

मावशी खुर्चीत बसली होती, डाव्या डोळ्यावर पट्टी. तिने काकांच्या आवाजाच्या दिशेला तोंड वळवलं. "सरळ रस्त्याला एवढी उंची कुठून आली हो?"

ऑपरेशनची वेळ दुसऱ्या दिवशी सकाळची होती, त्यामुळे तो विषय तिथेच राहिला.

ऑपरेशन झालं. मावशीच्या मनगटावर एक हिरवा पट्टा बांधला, त्यावर लिहिलेलं: डोळ्यात वायू आहे, विमानप्रवास नको. मी तिकिटं रद्द केली. ताई सुट्टी काढून धावत आली, चार दिवस राहिली आणि नोकरीपायी परत गेली.

तोंड खाली करून पडणं म्हणजे काय असतं ते बघितल्याशिवाय कळत नाही. पलंगाच्या कडेला उशा रचून, त्यांच्या मधल्या फटीत तोंड घालून मावशी पालथी पडायची. जेवायलाही मान वर नाही. तिला दिसायची ती फक्त फरशी, तीही धूसर. पहिल्या दिवशी ती रडली, आणि रडायचं नाही असं डॉक्टरबाईंनी सांगितलंय म्हणून आणखी रडली. तेव्हा काकांनी जमिनीवर सतरंजी टाकली आणि पलंगाखाली अर्धे सरकून उताणे झोपले. उशांच्या फटीतून तिचं तोंड, खाली बरोबर त्यांचं तोंड.

"दिसतोय का मी?"

"भुतासारखे दिसताय. काहीतरी हलतंय, एवढंच."

"मग बोल काहीतरी."

"तुम्ही बोला. खिंडीचं सांगा."

मी दारात वरणभाताचं ताट घेऊन उभी होते, ती तशीच उभी राहिले. काकांनी सांगायला सुरुवात केली, आणि पुढचे सहा दिवस ते तो रस्ता सांगत होते.

रस्त्याला सत्तावीस वळणं होती. प्रत्येकाला ड्रायव्हर लोकांनी नाव दिलेलं. पहिलं 'उंबरा', कारण तिथून घाट सुरू. मग 'कोपर', कोपरातून हात मुडपल्यासारखं. मग 'जावई', तिथे मोठ्ठा हॉर्न वाजवत, मानपानाने जायचं. चौदावं 'सासू'. लांबून अगदी साधं दिसतं, आत शिरलं की आवळत जातं. मावशी हसली तर उशा हलल्या. "हलू नकोस," काका खालून ओरडले, "फुगा सरकेल!"

पण सगळं हसण्यासारखं नव्हतं. चौदाव्या वळणावर एकदा परतीच्या खेपेला ब्रेक लागेनासा झाला होता. गाडीत बेचाळीस माणसं. डाव्या हाताला दरी, उजव्या हाताला डोंगर. काकांनी गियर खाली आणत आणत गाडी उजवीकडे घेतली आणि डोंगराला घासत घासत थांबवली. उजवी बाजू पत्र्यासकट सोलून निघाली, काचा गेल्या, पण माणसाला खरचटण्यापलीकडे काही झालं नाही. काका दुसऱ्या दिवशी दुपारी घरी आले होते.

"तेव्हा तुम्ही म्हणाला होतात टायर बदलायला उशीर झाला," वरून मावशी म्हणाली.

"हो."

"हाताला पट्टी होती. म्हणालात जॅक निसटला."

"हो."

मला वाटलं, आता भांडण होणार. पण मावशी एवढंच म्हणाली, "पंधराव्या वळणाचं नाव काय?"

वायूचा फुगा आम्ही सगळे स्वतः बघितल्यासारखा ओळखायला लागलो. मावशी उठून बसली की तो तिला गवंड्याच्या लेव्हलच्या नळीतल्या पाण्यासारखा डुचमळताना दिसायचा. त्याच्या वरच्या कडेपलीकडे हळूहळू खरं जग दिसायला लागलं: आधी माळा, मग खिडकीचा वरचा भाग, मग काकांचं टक्कल. काकांनी फुग्याचं नाव 'पाहुणा' ठेवलं. रोज सकाळी विचारायचे, "पाहुणा उठला का? जायचं म्हणतोय का?" पाहुणा कुठला हलतोय! चार आठवड्यांनी तो खाली लिंबाएवढा राहिला. मग वाटाणा. मग मसूर. सातव्या आठवड्यात एका सकाळी मावशी मोरीशी तोंड धूत होती. ओल्या तोंडानेच बाहेर आली.

"अहो, गेला."

"कोण गेलं?" काका घाबरून उठले.

"पाहुणा! खाली बघते, वर बघते, कुठेच नाही."

डॉक्टरबाईंनी थेंब टाकून, दिवा पाडून, बराच वेळ तपासलं. मग डॉक्टरबाईंनी खुर्ची मागे सरकवली, टेबलावरची कात्री घेतली आणि मनगटावरचा हिरवा पट्टा कापून टाकला. "पडदा जागेवर. चिकटलाय छान. जा आता कुठे जायचं तिथे."

काकांनी तिथेच, दवाखान्याच्या बाकावर, रुमालाने तोंड झाकून घेतलं. मावशी त्यांच्या पाठीवर हात फिरवत म्हणाली, "ऑपरेशन माझं झालं आणि रडताय तुम्ही."

त्याच संध्याकाळी आम्ही पुन्हा टेबलाशी बसलो. मी फोन उघडला. या वेळी मावशीने बोट ठेवलं. दिसत होतं तिला आता, अक्षरं थोडी वाकडी, पण दिसत होतं.

"डावी बाजू."

काकांनी समुद्राचं नावही काढलं नाही. उलट तेच माझ्याहून बारकाईने बघायला लागले. पंखावरची सीट नको, खाली नुसता पत्रा दिसतो. अगदी मागची नको, इंजिनाच्या गरम हवेने चित्र थरथरतं असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. दुपारचंच विमान घ्यायचं, म्हणजे सूर्य पलीकडे, पाठीशी, आणि घाटावर चांगला उजेड. पुढच्या रांगा भरलेल्या होत्या. पंखाच्या जरा पुढे अकरावी रांग रिकामी मिळाली. डाव्या तीन जागा घेतल्या. मावशीला खिडकी, काका मध्ये, मी कडेला.

विमानतळावर काही अडचण आली नाही. अडचण आली ती आत. आम्ही अकराव्या रांगेशी पोचलो, मावशी वाकून आत सरकली, बसली, आणि डावीकडे वळली. तिथे खिडकी नव्हती. पुढच्या रांगेला खिडकी, मागच्या रांगेला खिडकी, आणि मध्ये, आमच्या वाट्याला, गुळगुळीत पांढरी भिंत.

"असं कसं?" काका म्हणाले. त्यांनी भिंतीवर हात फिरवून बघितला, जणू कुठेतरी कडी असेल.

हवाईसुंदरी आली. तिने समजावलं की या जागी भिंतीच्या आतून नळ्या जातात म्हणून काही विमानांत एका रांगेला खिडकी नसते. विमान पूर्ण भरलंय, तिला वाईट वाटतंय. मला तर धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. आराखड्यात खिडकीची खूण होती की नाही ते मी बघितलंच नव्हतं. मावशी म्हणाली, "जाऊ दे. डोळा आहे ना, मग झालं." पण तिने तोंड भिंतीकडेच ठेवलं होतं.

तेवढ्यात पुढच्या, दहाव्या रांगेतल्या खिडकीजवळच्या माणसाने मान मागे वळवली. धिप्पाड, दाढी वाढलेला, डोळे लाल. "तुम्हाला तिकडे भिंत आहे का?" त्याने विचारलं.

"हो ना," काका हताशपणे म्हणाले.

"पूर्ण भिंत? डोकं टेकता येईल अशी?"

काकांना वाटलं तो चेष्टा करतोय. त्यांच्या भुवया वर गेल्या.

"चिडू नका, काका. आम्ही तिघं लिफ्ट दुरुस्त करणारे. दोन दिवस एका इमारतीत लिफ्टच्या विहिरीत उभे होतो. डोळ्याला डोळा नाही. या खिडकीच्या खाचेत डोकं ठेवलं की मान मोडते. तुमची भिंत मला द्याल का?" त्याने शेजारच्या दोघांना कोपराने ढोसलं. "उठा रे. मागे भिंत मिळतेय."

ते दोघे डोळे न उघडताच उठले. दोन मिनिटांत अदलाबदल झाली. हवाईसुंदरी हसून पुढे गेली. मावशी दहाव्या रांगेत खिडकीशी, काका मध्ये, मी कडेला. मागून विमान हलायच्या आतच घोरणं सुरू झालं. काका पट्टा बांधताना माझा पट्टाही आपल्याच बकलात अडकवायला गेले.

विमान वर चढताना मावशीने डोळा गच्च मिटून घेतला. फुगा गेलाय हे माहीत असूनही. "दुखतंय का?" काका विचारत होते. "नाही." "दडपण येतंय का?" "नाही हो." मग तिने हळूच एक पापणी उघडली. काही झालं नाही. तिने पूर्ण उघडला आणि काचेला नाक लावलं.

वीसेक मिनिटांनी काका तिच्या खांद्यावरून वाकून म्हणाले, "तो बघ उंबरा."

मीही वाकून बघितलं. खाली सपाट हिरवं-करडं मैदान संपत होतं आणि डोंगर उठत होते. उजेड पलीकडून पडला होता, त्यामुळे प्रत्येक दरीत निळसर सावली. आणि त्या सावल्यांमधून एक बारीक फिकट रेघ वर चढत होती. वळून परत येत होती, पुन्हा वळत होती.

"कोपर," मावशी म्हणाली. "जावई..." ती बोटाने काचेवर मोजत होती. मध्ये एकदा चुकली, काकांनी दुरुस्त केलं. चौदाव्याशी तिचं बोट थांबलं. तिथे रेघ डोंगराच्या पोटाला अगदी चिकटून आत गेली होती आणि तिच्या दुसऱ्या बाजूला काळीनिळी सावली सरळ खाली, नदीपर्यंत.

"इथे?"

"इथे."

ती बघत राहिली. विमान पुढे गेलं तशी मान मागे वळवून बघत राहिली. काका तिच्याकडे बघत होते, खाली नाही.

"रागावलीस का?" त्यांनी विचारलं.

"आधी रागावले होते. पालथी पडले होते तेव्हा. उठता येत नव्हतं म्हणून वाचलात." तिने डोळ्याच्या कडेला रुमाल टिपला. "आता बघितलं तर वाटतं, बरं केलंत. हे माहीत असतं तर तीस वर्षं मी एक रात्र झोपले नसते. आणि झोप नसती तर हातून रफू काय होणार होतं, कपाळ!"

"म्हणूनच तर."

"पण आता नाही ना जायचं तुम्हाला तिकडून?"

"अगं, दोन वर्षं झाली निवृत्त होऊन."

"माहीत आहे मला. पण तुम्ही एकदा म्हणा."

"नाही जायचं," काका म्हणाले.

मावशीने मान हलवली आणि सीटला पाठ टेकली. तिचे खांदे खाली आले. इतकी वर्षं ते थोडे वर उचललेले असायचे हे मला त्या दिवसापर्यंत कळलं नव्हतं. मला वाटायचं, कामाला वाकून तशीच बसायची सवय झाली असेल. काकांचा हात तिने आपल्या हातात घेतला, मनगटाजवळचा जुना व्रण अंगठ्याने चाचपला. घाट मागे पडला. खाली शेतं आली, मग एक तळं, मग गावं. तीही तिने सगळी बघितली.

ताईकडे आम्ही तीन आठवडे राहिलो. परतल्यावर डॉक्टरबाईंनी पुन्हा तपासलं आणि नवा चष्मा लिहून दिला. मावशी आता दुकानात जाते, पण दिवसाला तीनच कामं घेते. काळ्या कापडावरचा काळा धागा अजून तिला नीट दिसत नाही. ते काम आलं की ती कोट घडी घालून परत देते आणि गिऱ्हाइकाला सांगते, "पुढच्या महिन्यात आणा. तोवर दिसेल."